बिननदीचा पूल

नदी नाही, ओढा नाही, साधा पाटसुद्धा नाही, आणि पूल मात्र उभा! रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या मागच्या यार्डात हे आक्रीत वर्षभर चाललेलं. नगर रस्त्यावरनं एसटी जायला लागली की खिडकीकडची माणसं माना वाकड्या करून बघत, आणि मग शिरूर येईपर्यंत त्याच्यावर चर्चा. कुणी म्हणे, उड्डाणपुलाचा तुकडा असेल. कुणी म्हणे, "अहो, पुढाऱ्यानं नारळ फोडून ठेवला असंल, नदी मागनं मंजूर व्हईल!"

तर तसं काही नव्हतं. पूल होता लांबच्या, पूर्वेकडच्या एका बंदरासाठी. तिथं नदी समुद्राला मिळते, नदीतून जहाजं आत येतात, आणि नेमका तिथूनच गावाचा रस्ता नदी ओलांडतो. जहाज आलं की रस्ता थांबवायचा, पूल पेटीच्या झाकणासारखा एका कडेनं वर उचलायचा, जहाज गेलं की पुन्हा खाली टेकवायचा. असा उघडता पूल. त्याचं पोलाद कापायचं, जोडायचं, रंगवायचं काम इथं कोरड्यात. सगळा जोडून झाला की इथंच एकदा उघडून दाखवायचा, मग सुटा करून लांबड्या ट्रेलरवर चढवायचा आणि न्हावरा, चौफुला करत समुद्राकडं धाडून द्यायचा.

आणि तो वर-खाली करणारी कोण? तर आपली दीक्षा. शिरूरची पोरगी, दौंडला अनसाबाई मावशीकडं राहून आयटीआय केलेली. पुलाची केबिन तिच्या ताब्यात. केबिन म्हणजे काचेची एक खोली, आत बटणांचं पॅनेल, एक पडदा आणि फिरती खुर्ची. बंदरवाल्यांनी मागितलं होतं की पहिली काही वर्षं पूल चालवायला कारखान्यातलंच माणूस द्या. रविराज साहेबांनी, म्हणजे इंजिनिअर साहेबांनी, दीक्षाचं नाव पुढं केलं होतं. पण पक्कं व्हायचं होतं चाचणीच्या दिवशी. बंदराचे साहेब स्वतः येणार, पूल उघडलेला बघणार, पोरीला बघणार, आणि मग हो की नाही ते सांगणार. त्यांच्या मनात त्यांच्याकडचाच एक माणूस आहे, अशीही कुणकुण होती.

दीक्षाला जायचं होतं. किती जायचं होतं म्हणाल, तर तिला त्या दिवसांत जेवणसुद्धा धड जात नव्हतं. तिच्या आईला, रंभाला, हे पटत नव्हतं. "एवढ्या लांब? तिथं आपलं कोण हाय?"

"इथं तरी कोण हाय, आई?"

"असं बोलू नगं. हौसरावमामा हायेत की."

ते मात्र खरं. हौसरावमामा म्हणजे जड ओझी उचलणाऱ्या टोळीचे मुकादम. मूळचे मांडवगण फराट्याचे, ऊसवाले, आता शिरूरला मुलाकडं राहायचे. दीक्षा नवी लागली तेव्हा कारखान्यात एवढ्या बाप्यांत ती एकटी पोरगी. कुणी जागा देईना, कुणी शिडी धरीना. मामांनी एकदाच सगळ्यांना ऐकवलं, "पोरगी माझ्या टोळीची समजा. कुणी वाकडं बोलला तर गाठ माझ्याशी हाय." तेव्हापासून बहुतेकांची तोंडं बंद. डब्यातली भाकरी दोघांची एक. बसमध्ये जागा शेजारी. रविराज साहेबांपाशी तिचं नाव काढणारेही मामाच.

पण तिला नुसतं लांब जायचं नव्हतं. तिला तिथं त्या केबिनमध्ये बसायचं होतं. जिच्या आज्याला गावात रस्त्याच्या कडेनं अंग चोरून चालायची सवय होती, तिच्या एका बटणावर दोन्ही बाजूंच्या मोटारी, ट्रक, मोठमोठ्यांच्या पांढऱ्या गाड्या सगळं थांबणार होतं. थांबा म्हटलं की थांबायचं. हे ती कुणाला बोलून दाखवत नव्हती, पण मनातल्या मनात तिनं तो रस्ता शंभरदा थांबवला होता.

चाचणी ठरली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आता दसरा म्हणजे कारखान्यात पूजेचा दिवस. लेथ, क्रेन, वेल्डिंगची यंत्रं, पाने, हातोडे, एवढंच काय तर ऑफिसातला प्रिंटरसुद्धा धुऊन पुसून त्याला हळद-कुंकू, झेंडू, आंब्याची पानं. आणि दीक्षाच्या घरी त्याच दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे घालून विहारात वंदना, मग खीर. त्यामुळे दसऱ्याला ती कामावर जायचीच नाही. त्यात कुणाचं काही भांडण नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलतही नव्हतं.

म्हणजे, एकदा बोलले होते. तिच्या पहिल्या दसऱ्याची गोष्ट. दुसऱ्या दिवशी कामावर आली तर पॅनेलच्या पेटीवर कुणीतरी नारळ ठेवलेला. पेटी उघडायची होती म्हणून तिनं तो उचलून शेजारच्या टेबलावर ठेवला. बस, एवढंच! तर आठवडाभर कुजबुज. "पूजेचा नारळ हलवला." "ह्यांना काय त्याचं." दत्ता वेल्डर तर तिच्या तोंडावर म्हणाला होता, "तुम्हाला मानायचं नसंल तर मानू नगा, आमचं तरी राहू द्या." तिनं तेव्हा ते ऐकून घेतलं आणि धडा घेतला.

तर चाचणीच्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी यार्डात. दोनदा पाणी प्यायली, दोनदा केबिनचं दार उघडून लावलं. केबिनच्या दारावर झेंडू, पॅनेलवर कुंकवाची बोटं, खुर्चीच्या पाठीलासुद्धा एक टिळा. मागून हौसरावमामा आले, तोंडभर हसत.

"बघितलंस का? तू नव्हतीस, म्हनून तुझ्या वाटचं समदं म्या केलं. यार्डात एक चीज कोरी ठेवली न्हाई. आज तुझा दिस हाय, पोरी."

"व्हय मामा," ती म्हणाली. त्या गडबडीतही तिला बरं वाटलं. माणूस आपल्यासाठी राबला की बरं वाटतंच. बटणांच्या फटीतलं तेवढं कुंकू तिनं फडक्यानं अलगद टिपून घेतलं, बाकीचं राहू दिलं.

मग नेहमीची फेरी. तेलाचे पाइप बघायचे, वायरी बघायच्या, आणि डोळे पुसायचे. डोळे म्हणजे यंत्राचे डोळे हो. पुलाच्या बाजूला एक लोखंडी मनोरा उभा केला होता. त्याच्यावर खाली एक आणि मध्यावर एक, अंगठ्याएवढे काचेचे डोळे बसवलेले. पूल वर जाता जाता अर्ध्यावर आला की त्याच्या कडेची चकचकीत पट्टी वरच्या डोळ्यापुढं यायची. डोळ्याला पट्टी दिसली की यंत्र वेग कमी करून पूल पुढं न्यायचं. दिसली नाही तर पूल आहे तिथंच धरून ठेवायचं. उगाच जहाजावर किंवा माणसांवर काही पडायला नको म्हणून केलेली ही सोय.

खालचा डोळा तिनं पुसला, त्याच्यावर नुसती धूळ होती. वरच्याला शिडी चढून जायचं. शिडीपाशी आली आणि थांबली.

शिडीच्या तोंडाला तोरण बांधलेलं. झेंडू आणि आंब्याची पानं, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत आडवं, दोन्हीकडं सुतळीच्या गच्च गाठी. वर जायचं तर ते सोडायला हवं. खालून वाकून जावं तर पहिली पायरीच तिथं.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. शेडच्या सावलीला टोळीतली माणसं चहा पीत उभी. दत्ताही होता. त्यातल्या दोघांचं लक्ष तिच्याकडंच होतं. तिचा हात गाठीपर्यंत गेला आणि परत आला. मामांना हाक मारावी तर ते पाहुण्यांच्या गाडीकडं गेलेले. दत्ताला म्हणावं, जरा सोडता का? आणि त्यानं विचारलं, का, काय अडतंय तुझं, तर? परवाच तर पूल तीनदा नीट उघडला होता. परवाच तिनं डोळा पुसला होता. एका दिवसात काय होतंय? पाहुणे जाऊ देत, मग मामांकडूनच सोडवून घेऊ.

असं म्हणून ती वळली. पण वळली तरी जीव तिथंच घुटमळत होता. केबिनमध्ये बसल्यावरही तिनं दोनदा उठून काचेतून त्या शिडीकडं पाहिलं.

बंदराचे साहेब आले. उंच, सावळे, पांढरा शर्ट, फार न बोलणारे. त्यांना मराठी समजायची, पण बोलायचे हिंदी. रविराज साहेबांनी दीक्षाची ओळख करून दिली. साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं नाही, हे तिला आवडलं. नुसतं म्हणाले, "चलाइए."

भोंगा वाजला. दिवे लाल झाले. दीक्षानं बटण दाबलं.

आता तो पूल म्हणजे काही लहानसहान प्रकरण नव्हे. उसाच्या दोन ट्रॉल्या शेजारून शेजारून सहज जातील एवढा रुंद. तो जमिनीपासून सुटला आणि यार्डातली कामं जागच्या जागी थांबली. इतके दिवस ज्यांनी त्याला घण मारले, त्याच्यावर बसून डबे खाल्ले, ते सगळे तोंडं वर करून बघायला लागले. पुलाची सावली हळूहळू मागं सरकत गेली. दीक्षाचा हात बटणावर होता. वर, वर, आणखी वर. आता अर्ध्यावर आला. आता वेग कमी होणार.

पूल थांबला.

वेग कमी नाही झाला, पूलच थांबला. आकाशात अर्धवट, ना धड उघडा ना धड मिटलेला. पडद्यावर तांबडी अक्षरं आली. खाली कुणीतरी "आरं देवा!" म्हणालं. काय झालंय ते दीक्षाला अक्षरं वाचायच्या आधीच कळलं होतं.

रविराज साहेब धावत केबिनमध्ये आले, पडदा बघितला. "वरच्या सेन्सरला दिसत नाहीये. दीक्षा, पळ, वर जाऊन बघ."

ती पळाली. शिडीपाशी पोचली, तर तिच्या आधीच तिथं आलेल्या दत्तानं एका हातानं ते तोरण खस्सकन ओढलं आणि बाजूला भिरकावलं. "जा जा, लौकर जा!" झेंडूची फुलं मातीत पडली. कुणी काही बोललं नाही. कुणाच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही.

दीक्षाच्या मात्र आलं. त्या घाईतही तिच्या अंगाची लाही झाली. पण थांबायला वेळ कुठं होता? ती चढली.

वर डोळ्यापुढं उभी राहिली आणि बघते तर काय, काचेवर मधोमध कुंकवाचा टिळा! पाण्यात कालवून लावलेला, वाळून पापुद्रा झालेला, त्यात अक्षतेचा एक दाणा चिकटून बसलेला. यार्डात एक चीज कोरी ठेवली न्हाई. बिचारे मामा, दुखऱ्या गुडघ्यांनी एवढी शिडी चढून आले असतील. ती बोलता बोलता नेहमी म्हणायची ना, 'माझा डोळा वर हाय', तर त्या डोळ्याला त्यांनी मायेनं कुंकू लावलं असेल, आणि उतरून शिडीला तोरण बांधलं असेल. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

तिनं ओढणीच्या टोकानं काच घासून घासून पुसली. ओढणी लाल झाली. आणि मग ती तिथंच उभी राहिली. खालून सगळे वर बघत होते. आता खाली जाऊन काय सांगायचं? कुंकू होतं म्हणून सांगायचं? विहारात जाणाऱ्या पोरीनं भरल्या यार्डात म्हणायचं, की तुमच्या पूजेनं पूल अडला? आणि मामांचं काय? त्यांच्या नोकरीचं हे शेवटचं वर्ष. त्यांच्याच हातून चाचणी फसली, असं पाहुण्यांपुढं सांगायचं? ज्या माणसानं आपल्याला उभं केलं, त्याला आपणच आडवं पाडायचं? आणि नाही सांगितलं तर? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिला खाली उतरूच नये असं वाटलं.

पण उतरावं तर लागतंच.

"क्या था?" बंदराच्या साहेबांनी विचारलं.

"धूळ होती साहेब."

"परसों तक तो चल रहा था. इसे साफ कौन करता है?"

"मी."

"आज किया था?"

दीक्षानं खाली पाहिलं. "न्हाई साहेब."

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे रविराज साहेबांकडं वळले आणि म्हणाले, पूल खाली घ्या, चहा घेऊ, मग पुन्हा उघडून दाखवा. आणि चालता चालता तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "जिसने आज के दिन साफ नहीं किया, उसके भरोसे मैं जहाज नहीं लाऊँगा."

झालं. हातातोंडाशी आलेला घास गेला. तिला एकदम आठवलं की मावशीनं दौंडात सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, आमची दीक्षा आता बंदरावर जाणार, दौंडवरनंच गाडीत बसणार. आता त्या गल्लीला काय सांगायचं?

ती यार्डाच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन येरझारा घालू लागली. बसवेना, उभं राहवेना. तेवढ्यात हौसरावमामा चहाचा कप घेऊन आले.

"घे. आन् जिवाला लावून घेऊ नगंस. व्हतं असं." कप तिच्या हातात देऊन ते आवाज खाली आणून म्हणाले, "तुला म्हनून सांगतो, काल म्या तुझ्या वाटची पूजा केली ना, म्हनून निदान अर्ध्यापतूर तरी गेला. न्हाईतर जागचा हलला नसता."

दीक्षा त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली. हसावं की रडावं! मग तिनं ओढणीचं ते लाल टोक त्यांच्यापुढं धरलं.

"हे काय?"

"धूळ न्हवती मामा. हे होतं डोळ्यावर."

मामांनी ते टोक हातात घेतलं. बोटानं चोळलं. कळायला त्यांना वेळ लागला नाही, वर्षानुवर्षं यंत्रांत वावरलेला माणूस. चेहरा पार उतरला. मग म्हणाले:

"सायबाला सांगितलंस?"

"न्हाई. मी धूळ म्हणाले."

"बरं केलंस," मामा म्हणाले. सुटकेचा केवढा मोठा श्वास टाकला त्यांनी! "लई बरं केलंस, पोरी. शेवटच्या वर्साला कशाला डाग. लोकं म्हनत्याल, हौसरावाच्या हातानं अपशकुन झाला. तुझं काय, तरणी हायेस, तुला धा नोकऱ्या मिळत्याल."

आणि ते गेले.

आता हे बघा. हेच तिनं स्वतःहून केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, मामांवरच्या मायेनं केलं होतं. पण मामांनी एकदा तरी "असं कसं?" म्हणायचं होतं. एकदा तरी "तुझं काय व्हईल?" विचारायचं होतं. तिनं दिलं आणि त्यांनी खिशात टाकलं, वाटेत सापडलेल्या नाण्यासारखं. चहा तसाच भिंतीच्या बुडाशी ओतून ती तरातरा चालायला लागली. पाय कुठं नेतायत ते तिला अर्ध्या वाटेवर कळलं. तरी ती थांबली नाही.

केबिनपाशी सगळे जमलेले. रविराज साहेब दुसऱ्या एका ऑपरेटरला बटणं समजावून सांगत होते.

"साहेब," ती बंदराच्या साहेबांना म्हणाली, "मी खोटं बोलले. धूळ न्हवती. डोळ्यावर कुंकू होतं. कालच्या पूजेचं."

जत्रेत साप निघावा तशी गडबड उडाली. दत्ता पुढं आला. "झालं का! आता कुंकवालाच नावं ठिवा. सोताचं काम केलं न्हाई आन्..."

"काम केलं न्हाई, हे खरंच हाय," दीक्षा म्हणाली. "कुणी लावलं ते मला सांगायचं न्हाई. लावणारानं चांगल्या मनानं लावलं. पुसायचं काम माझं होतं. मी सकाळी शिडीपर्यंत गेले होते साहेब. शिडीला तोरण बांधलेलं होतं. ते सोडल्याशिवाय वर जाता येत न्हवतं. म्हणून मी परत फिरले."

बंदराचे साहेब तिच्याकडं बघत राहिले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "अरे, तो खोल देतीं. फूल ही तो थे. उसमें डर किस बात का?"

"ते मला विचारू नका साहेब. ह्यांना विचारा."

साहेबांनी सगळ्यांकडं पाहिलं. दत्तानं खाली बघितलं. त्याच्या मागचा एक जण उगाच हेल्मेटचा पट्टा सारखा करायला लागला. एवढी माणसं, एरवी एक गप्प बसायचं नाही, आणि आता सगळ्यांची दातखीळ बसली.

"कुंकू म्या लावलं," मागून आवाज आला.

हौसरावमामा होते. गर्दी आपोआप बाजूला झाली. ते पुढं आले, डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलं. "डोळ्याला म्या लावलं. तोरन बी म्याच बांधलं. मघाशी कळल्यावर मी पोरीला गप बस म्हनालो. तिची नोकरी गेली तरी चालंल म्हनालो. ते बी मीच." एवढं बोलून ते उभे राहिले. कुणी त्यांच्याकडं बघेना.

रविराज साहेब काही बोलणार होते, पण बंदराच्या साहेबांनी त्यांना हातानंच थांबवलं. ते दीक्षाला म्हणाले, "वहाँ भी पूजा होती है. नाव चलाने वाले लोग पुल को हर साल माला पहनाते हैं. पूरे मोहल्ले के सामने. तब क्या करोगी?"

"सोडीन," ती म्हणाली. "पाया पडून सांगीन की बाजूला बांधा. न्हाई ऐकलं तर सोडीन."

"और लोग बोलें तो?"

"बोलू देत. आज न सोडता बी बोललेच की."

साहेब पहिल्यांदा किंचित हसले. मग केबिनच्या दाराकडं बोट केलं. "बैठिए. देर हो रही है."

या वेळी ती आधी वर जाऊन डोळा पुन्हा पुसून आली. भोंगा वाजला. पूल सुटला, अर्ध्यावर आला, वेग कमी झाला, आणि तसाच सावकाश, न अडखळता, पार उभा होईपर्यंत गेला. रांजणगावच्या माळावर, जिथं होडीसुद्धा कुणी पाहिली नव्हती, तिथं एक आख्खा रस्ता आभाळाकडं तोंड करून उभा राहिला. टाळ्या पडल्या. दत्तानंही वाजवल्या. साहेबांनी रविराज साहेबांशी हात मिळवला आणि जाता जाता दीक्षाला म्हणाले, दिवाळीनंतर या, राहायची सोय बंदराकडून होईल. तिनं बाजूला जाऊन आईला फोन केला आणि फक्त "जायचं ठरलं" एवढंच सांगितलं. रंभा पलीकडं आधी रडली, मग पोरीच्या पांघरुणाची काळजी करायला लागली.

आनंद व्हायला हवा होता. झालाही होता, नाही असं नाही. पण जीव काही ठिकाणावर येईना. संध्याकाळी बस गेटपाशी लागली, माणसं चढायला लागली, तरी ती खालीच उभी. हौसरावमामा आले. दिवसभरात त्यांना कुणी काही बोललं नव्हतं. रविराज साहेबांनी नुसतं, "असू द्या मामा," म्हणून विषय मिटवला होता.

"चुकलं माझं," मामा म्हणाले.

"ते झालं मामा. तुम्ही पुढं येऊन बोललात, लई झालं." मग ती म्हणाली, "एक विचारू? खरं सांगायचं."

"इचार."

"सकाळी मी ते तोरण सोडलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

न्हाई गं, मी कशाला बोलतोय, असं मामा सहज म्हणू शकले असते. ती ते ऐकायला तयार होऊनच उभी होती. त्यांनी बसकडं पाहिलं, पुलाकडं पाहिलं, आणि मग तिच्याकडं पाहिलं.

"बोललो असतो," ते म्हणाले. "समद्यांच्या आधी मीच बोललो असतो. दत्ताच्या बी आधी. म्हनालो असतो, किती बी जीव लावा ह्या लोकांना..."

तिथं ते थांबले. पुढचं त्यांनी गिळलं. पण दीक्षाला ते वाक्य लहानपणापासून पाठ होतं.

"म्हंजी मी बरोबर वळखलं होतं," ती म्हणाली, आणि बसमध्ये जाऊन खिडकीशी बसली.

मामा तिच्या मागून चढले. तिच्या शेजारची जागा मोकळीच होती. टोळीतल्या कुणी ती घेतली नाही, ती मामांचीच म्हणून सगळ्यांनी सोडली होती. मामा त्या जागेपाशी आले, वरची दांडी धरली आणि उभेच राहिले. तीही बसा म्हणाली नाही. कारेगाव गेलं, सरदवाडी गेली, शिरूरचे दिवे दिसायला लागले, तरी ते तसेच उभे होते.